चुनखडकातले गोल दाणे: ऊइड ओळखायचे कसे आणि फसगत कुठे होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: कच्छहून आणलेल्या तांबूस-पिवळ्या दगडात खसखशीपासून मोहरीएवढ्या आकाराचे गोल दाणे खच्चून भरलेले आहेत. ही माशांची किंवा दुसऱ्या कुठल्या प्राण्याची दगड झालेली अंडी आहेत का? नसतील तर काय आहेत, आणि घरी किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते खात्रीने कसे ठरवायचे?

अंडी नाहीत. माशांची अंडी मऊ आणि पाणीदार असतात. ती दगडात टिकल्याची उदाहरणे फारच दुर्मीळ, आणि टेकडीभर पसरलेला थरच्या थर त्यांनी भरला असणे तर शक्यच नाही. डायनोसॉरची अंडी नर्मदेच्या खोऱ्यात आणि गुजरातेत लामेटा नावाच्या खडकथरांत सापडतात, पण ती १२ ते २० सेंटीमीटरची. दगड कच्छच्या जुरासिक टेकड्यांमधला असेल तर दाणे बहुधा ऊइड आहेत, म्हणजे गाभ्याभोवती खनिजाचे थरावर थर चढून झालेले गोल दाणे, आणि दगड आहे त्यांचा बनलेला ऊलाइट. तरी नुसत्या फोटोवरून ठाम उत्तर देणे धोक्याचे, कारण दाणा गोल आहे हा कशाचाच पुरावा नाही. गोल दाणे तयार होण्याच्या वाटा अनेक आहेत. निकाल लागतो तो दाणा कापून त्याच्या पोटात काय आहे ते पाहिल्यावर.

ऊइडच्या पोटात दोन गोष्टी असाव्याच लागतात. मध्ये एक गाभा: वाळूचा कण, शिंपल्याचा तुकडा, एखाद्या किड्याच्या विष्ठेची गोळी, कधी फुटलेल्या जुन्या ऊइडचाच तुकडा. आणि त्याभोवती चहूबाजूंनी चढलेले पातळ, सलग, एकमेकांना समांतर थर. दोन्ही दिसले आणि व्यास २ मिमीच्या आत असला तर तो ऊइड. नेहमीचा आकार ०.३ ते १ मिमी. २ मिमीच्या वर गेला की त्याला पिसॉइड म्हणतात. ही २ मिमीची रेघ माणसाने सोयीसाठी मारलेली आहे. सुमारे १०० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या काही चुनखडकांत, रचना अगदी ऊइडचीच पण व्यास १६ मिमीपर्यंत, असे दाणेही सापडले आहेत. सुट्या दाण्याला ऊइड आणि अशा दाण्यांनी बनलेल्या खडकाला ऊलाइट, ही विभागणी जर्मन भूवैज्ञानिक कालकोव्स्की यांनी १९०८ मध्ये रूढ केली. जुन्या पुस्तकांत दोन्हींसाठी एकच नाव वापरलेले दिसते, तेव्हा वाचताना गोंधळू नका.

हे दाणे तयार कसे होतात ते आधी थोडे समजून घ्या, म्हणजे पुढच्या चाचण्यांचा रोख कळेल. कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त झालेले उबदार, उथळ पाणी हवे. भरती-ओहोटीने किंवा लाटांनी तळाची वाळू सतत हलती हवी. आणि नदीचा गाळ तिथे येता कामा नये. आजच्या काळातले सर्वांत अभ्यासलेले ठिकाण म्हणजे बहामा बेटांभोवतीची उथळ मंचभूमी. तिथे जूल्टर केज, एक्झूमा अशा ठिकाणी दोन-तीन मीटर पाण्याखाली ऊइडांच्या वाळूचे पांढरे दांडे, म्हणजे लांबट उंचवटे, पसरलेले आहेत. अबू धाबीच्या किनाऱ्यालगत आणि अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्येही ऊइड आहेत. म्हणजे समुद्रच हवा असे नाही, खारे सरोवरही चालते.

दाणा पाण्यात गडगडताना त्यावर थर चढत जातात, असे शाळकरी पुस्तकांत असते. ते अर्धेच खरे. गडगडण्याने दाणा झिजतोही. थर चढणे आणि घासून जाणे यांचा मेळ जिथे बसतो तिथे दाण्याचा आकार थांबतो, आणि म्हणूनच एका दांड्यातले दाणे साधारण एका मापाचे निघतात. शिवाय दाणा बहुतेक वेळ वाळूत गाडलेलाच असतो. वर येऊन हलण्याचा त्याचा काळ थोडा. बहामातल्या दाण्यांचे आतले आणि बाहेरचे थर वेगळे विरघळवून रेडिओकार्बनने वय काढले, तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्याला वाढायला शेकडो ते हजार-दोन हजार वर्षे लागल्याचे दिसले. ग्रेट सॉल्ट लेकच्या दाण्यांचा गाभ्याजवळचा भाग तर सहा हजार वर्षांहून जुना निघतो. थर चढण्यात सूक्ष्मजीवांच्या बुळबुळीत लेपाचा वाटा किती आणि निव्वळ रसायनाचा किती, यावर अजून वाद चालू आहे. दगड ओळखायला त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही.

आता ओळखीकडे. आपल्याकडे ज्या गोष्टींना लोक ऊइड समजतात त्या आधी बाजूला काढू.

दगड काळा किंवा करडा, जड, आणि त्यात पांढरे-हिरवट गोल ठिपके असतील तर तो दख्खनचा बेसाल्ट. ते ठिपके म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, नंतर झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेने भरलेले. पोकळी भरताना खनिज कडेकडून आत वाढते. ऊइड गाभ्यापासून बाहेर वाढतो. दाण्याच्या मध्यात पोकळी उरलेली असेल आणि स्फटिकांची टोके आत वळलेली असतील, तर तो भरलेला बुडबुडा. यातल्या कॅल्साइटवर आम्ल टाकले की फसफसते, आणि नेमके त्यामुळेच पुष्कळांची गाडी चुकते.

कोकणात, गोव्यात किंवा कोल्हापूरकडच्या सड्यांवर जांभ्यात जे तांबडे-तपकिरी गोटे दिसतात, ते मातीत लोह आणि ॲल्युमिनियम साचून झालेले पिसोलाइट. आम्लाला ते दाद देत नाहीत, आकारातही मेळ नसतो. काळ्या मातीतली चुनखडी, म्हणजे कंकर, आम्लाला जोरात फसफसते, पण फोडल्यावर आत नीट थर नसतात. असतात ते मातीचे कण, मुळांच्या वाटा आणि तडे.

विदर्भातल्या बेसाल्टच्या दोन थरांमधल्या चर्टात (गारेसारख्या कठीण, सिलिकेच्या खडकात) अर्धा ते एक मिमीचे अगदी गोल दाणे सापडतात. ते पाहून भलेभले फसतात. त्यातले बरेच दाणे कारा जातीच्या पाणवनस्पतींची फळे असतात. भिंगाखाली पृष्ठभागावर पेचासारख्या फिरत गेलेल्या पाच रेघा दिसल्या की निकाल लागला. ऊइडवर असले नक्षीकाम नसते.

कच्छ, सुरत, भरूचच्या तृतीयक (डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळातल्या) चुनखडकात ॲल्व्हिओलिना नावाचे फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले एकपेशीय सागरी जीव, असतात. हे मिलिमीटरभराचे, गोल किंवा लांबट, आणि छेदात चक्क वर्तुळात वर्तुळ दिसणारे. हे सर्वांत कठीण सोंग. फरक असा की त्यांच्या दोन वर्तुळांच्या मधली जागा छोट्या छोट्या आडव्या भिंतींनी कप्प्यांत विभागलेली असते. ऊइडच्या थरांत कप्पे नसतात. कप्पे दिसले की तो प्राणी.

याशिवाय पेलॉइड. हे चुनखडकातले गोल, पण आत काहीच रचना नसलेले, काळपट, बहुधा ०.१ ते ०.५ मिमीचे दाणे. एकसारख्या मापाचे, लांबटगोल असतील तर सहसा विष्ठेच्या गोळ्या. आणि ऑन्कॉइड: सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांनी वाढलेले, २ मिमीपेक्षा बरेच मोठे. त्यांचे थर वेडेवाकडे, कुठे जाड कुठे बेपत्ता. ज्वालामुखीच्या राखेचेही गोळे होतात, पण ते राखेच्या खडकात, आणि कडेला बारीक, आत जाडसर राख अशा रचनेचे.

घरच्या घरी करायची तपासणी सोपी आहे, पण क्रम पाळा. पहिले म्हणजे ताजा फोड हवा. वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर दाणे सुटे होऊन उठून दिसतात, फोटोही छान येतो, पण पोट दिसत नाही. गॉगल लावून, हातोडीने कडेचा कपचा उडवा. तो ओला करा. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरा आणि दगड भिंगाकडे आणा. भिंग दगडाजवळ आणि डोळा लांब, अशी उलटी पद्धत वापरली तर थर कधीच दिसणार नाहीत.

कपचा कसा फुटला तेही पाहा. भेग दाण्यांच्या आरपार गेली असेल तर दाण्यांमधले सिमेंट (दाणे जोडणारे नैसर्गिक खनिज) घट्ट आहे आणि अर्धे झालेले दाणे आयतेच मिळाले. भेग दाण्यांना वळसा घालून गेली असेल तर दाणे सुटे निघतील, पण छेद दिसायला दगड घासावाच लागेल.

घासण्यासाठी जाड काच आणि कार्बोरंडमची भुकटी पुरते. २२० नंबरने सपाट करा, मग ४०० आणि शेवटी ८००. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि हात नळाखाली नीट धुवा. २२०चा एक कण ८००च्या काचेवर गेला तरी ओरखडे पडतात आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. दगड भुसभुशीत असेल तर आधी पातळ इपॉक्सी मुरवून एक दिवस वाळू द्या, नाहीतर घासताना दाणे निखळून नुसते खळगे उरतात. आणि मग खळग्यांवरून हा खडक मूळचाच सच्छिद्र होता असा भलताच अर्थ काढला जातो.

आम्लाची चाचणी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने. बाजारातल्या संहत आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात घालायचा. नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि मोकळी हवा हवी. संडास साफ करायचे रंगीत द्रावण वापरू नका. त्यातल्या साबणामुळे फेस येतो आणि तो फेस दगडाचा की साबणाचा ते कळत नाही. थेंब टाकल्याबरोबर जोरात फसफसले तर कॅल्साइट किंवा ॲरॅगोनाइट, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच खनिजे. सुईने पूड काढल्यावरच हळूहळू बुडबुडे आले तर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमही असलेले कार्बोनेट. फसफसलेच नाही आणि सुईचा ओरखडाही उठत नाही तर दाणे गारेचे झालेत. असे होते. सिलिकेने कार्बोनेटची जागा कणाकणाने घेतली तर ऊइडचे थर चर्टात अगदी स्पष्ट टिकून राहतात. तेव्हा आम्लाला दाद दिली नाही म्हणून ऊइड नाही, असे म्हणता येत नाही.

थेंब कुठे टाकला तेही महत्त्वाचे, आणि इथे कच्छच्या दगडाचा विषय येतो. दाणे आणि त्यांच्यामधला भराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंगाखाली बारीक ड्रॉपरने एकदा दाण्यावर आणि एकदा भरावावर असा वेगवेगळा थेंब सोडा. कच्छमध्ये दोन प्रसिद्ध ऊलाइट आहेत. एक धोसा ऊलाइट, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, जुरासिकमधल्या ऑक्सफर्डियन काळातला, हिरवट करड्यापासून तांबूस तपकिरी रंगाचा, अमोनाइटच्या (वळणदार कवचाच्या, नामशेष झालेल्या सागरी प्राण्यांच्या) जीवाश्मांनी समृद्ध. कच्छच्या मुख्यभूमीत तो दूरवर खुणेचा थर म्हणून ओळखता येतो. दुसरा त्याहून थोडा जुना, झुरा आणि कीरा घुमटांच्या (जिथे खडकथर घुमटासारखे वर उचलले गेलेत अशा टेकड्यांच्या) परिसरातला गोल्डन ऊलाइट. लोहाच्या लेपामुळे त्याचे दाणे सोनेरी चमकतात, आणि उन्हात धरला तर का हे नाव पडले ते लगेच पटते. वर्णनावरून तुमचा दगड या दोनांपैकी एक असावा. दोन्हींत लोह आहे. दाण्यातला थर लोहखनिजाचा असेल तर तो फसफसणार नाही, भराव मात्र फसफसेल.

याची पक्की खात्री करायची तर २५ ते ५० ग्रॅमचा तुकडा एक लिटर १० टक्के ॲसिटिक आम्लात काचेच्या बरणीत ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू निघायला वाट हवी. दोन-तीन दिवसांनी बुडबुडे मंदावले की द्रावण बदला. हायड्रोक्लोरिक आम्लाने काम पटकन होते, पण ते हिरवट लोहखनिजांनाही खाते, म्हणून ॲसिटिक बरे. शेवटी तळाशी जे उरेल ते पाव मिलिमीटरच्या चाळणीत धुऊन वाळवा. तपकिरी, तुळतुळीत, सुटे दाणे मिळाले तर ते लोहयुक्त ऊइड. खडबडीत पोर्सेलीनच्या तुकड्यावर घासल्यावर पिवळट तपकिरी रेघ उठली तर ते गोएथाइट नावाचे लोहखनिज. दाणे नाहीसे झाले आणि नुसता चिखल उरला तर ते कार्बोनेटचेच होते. दाण्यांवर फक्त रंगाचा पातळ लेप होता आणि आतून कॅल्साइट, असेही होऊ शकते. त्या वेळी पोकळ, फुटकी टरफले उरतात.

लोहाचे ऊइड वेगळ्या परिस्थितीत होतात. गाळ जवळजवळ येतच नाही आणि तळ दीर्घकाळ तसाच पडून राहतो, अशा जागी. म्हणून अशा थराला बहुधा घट्ट आटलेला थर म्हणतात: थोड्या जाडीत फार मोठा काळ. कच्छमधली जीवाश्मांची दाटी त्याच कारणाने. फ्रान्समधल्या लोरेनचा मिनेट आणि अमेरिकेत अलाबामातला क्लिंटन लोहखडक हेही याच घराण्यातले, आणि त्यांच्यावर तिथले पोलादाचे कारखाने उभे राहिले.

कॉलेजच्या प्रयोगशाळेची सोय असेल तर पातळ छेदाला पर्याय नाही. दगडाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिमी जाडीपर्यंत घासायची. छेद करणे जमणार नसेल तर ॲसिटेटचा ठसा घ्या. फार स्वस्त आणि दुर्लक्षित पद्धत आहे ही. ८०० नंबरपर्यंत घासलेला पृष्ठभाग ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात दहाएक सेकंद बुडवा, पाण्यात हलके धुवा आणि बोट न लावता वाळवा. पृष्ठभाग आडवा ठेवून त्यावर ॲसिटोन ओता आणि लगेच ॲसिटेटचा पातळ कागद एका कडेपासून वाकवत खाली सोडा, म्हणजे हवा अडकत नाही. अर्ध्या तासाने सोलून दोन काचांमध्ये दाबून ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली ऊइडचा एकेक थर मोजता येईल. दोन ठिकाणी हमखास बिघडते. एक, प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट बहुतेक पॉलिएस्टरच्या असतात आणि त्यांवर ॲसिटोनचा काहीच परिणाम होत नाही. कोपऱ्यावर थेंब टाकून शीट मऊ पडते का ते आधी पाहा. दुसरे, सच्छिद्र दगड ॲसिटोन पिऊन टाकतो आणि ठसा फाटतो. त्याला आधी इपॉक्सी द्या.

छेद पाहताना एक गणित सतत डोक्यात ठेवायला हवे. दगड कापला म्हणजे प्रत्येक दाणा मधोमध कापला जातो असे नाही. गोल दाण्याला करवत कुठेही लागते. एकाच मापाचे दाणे असले तरी छेदात वर्तुळे लहानमोठी दिसतात, आणि त्यांची सरासरी खऱ्या व्यासाच्या सुमारे ७९ टक्केच भरते. म्हणजे छेदात सरासरी ०.४ मिमी आले तर खरा दाणा ०.५ मिमीच्या आसपासचा. गाभ्याचेही तसेच. गाभा दाण्याच्या अर्ध्या व्यासाचा असेल तर साधारण निम्म्या दाण्यांत तो छेदात येणारच नाही. पाचव्या हिश्शाचा असेल तर पाचांतल्या चार दाण्यांत दिसणार नाही. विद्यार्थी अशा दाण्यांना बिनगाभ्याचे ऊइड म्हणतात. कडेलाच कापला गेलेला ऊइड पेलॉइडसारखा दिसतो, तीही याच हिशेबातली चूक. म्हणून मोजताना मोठ्यात मोठी वर्तुळे धरा आणि निदान ३०० दाणे मोजल्याशिवाय टक्केवारी लिहू नका.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे थरांतल्या स्फटिकांची दिशा. बहामाच्या ऊइडमध्ये ॲरॅगोनाइटच्या बारीक काड्या थराला समांतर आडव्या पडलेल्या असतात. ग्रेट सॉल्ट लेकच्या आणि पुष्कळशा जुरासिक ऊइडमध्ये स्फटिक गाभ्यापासून बाहेर, आऱ्यांसारखे उभे असतात. सूक्ष्मदर्शकात एकमेकांना काटकोनातल्या दोन पोलरॉइडमध्ये (प्रकाश एकाच दिशेने कंपित करणाऱ्या गाळण्यांमध्ये) दोन्ही प्रकारांत काळी फुली दिसते, आणि छेद ठेवलेली चकती फिरवली तरी ती फुली जागची हलत नाही. दाणा काळपट, धुरकट, थर पुसट झालेला असेल तर शैवालांनी आणि बुरशीने त्यात सूक्ष्म बोगदे पाडून ते बारीक चुन्याने भरलेत. हा प्रकार शांत पाण्यात पडून राहिलेल्या दाण्यांत जास्त.

मूळ खनिज ॲरॅगोनाइट होते की कॅल्साइट, हा प्रश्न नुसता शास्त्रीय हौसेचा नाही. ॲरॅगोनाइट गोड्या पाण्यात लवकर विरघळते. दाणा विरघळून गेला आणि भोवतीचे सिमेंट उरले की दगड गोल पोकळ्यांनी भरतो. अशा खडकाची सच्छिद्रता ३० टक्क्यांवर जाऊ शकते, पण पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसल्याने पाणी किंवा तेल त्यातून वाहत नाही. सच्छिद्रतेचा आकडा पाहून विहीर खोदणाऱ्याची निराशा होते ती इथे. मूळ कॅल्साइटचे ऊइड मात्र आऱ्यांसकट कोट्यवधी वर्षे टिकतात. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे रेणुप्रमाण आज सुमारे ५.२ आहे, म्हणून ॲरॅगोनाइट बनते. ते साधारण २च्या खाली असताना कॅल्साइट बनत असे. जुरासिकमधले बरेच समुद्र तसे होते. इंग्लंडमधल्या बाथच्या दगडी इमारती आणि केटनचा दगड पाहिला तर १६-१७ कोटी वर्षांचे दाणे आजच वाळूतून उचलल्यासारखे साबूत दिसतात, त्याचे मोठे कारण हे.

रंग चढवून खनिजे वेगळी करायची तर डिक्सनची पद्धत. छेदावर काच न चिकटवता तो आधी १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १०–१५ सेकंद धरा. मग दोन द्रावणे करा: १०० मिली तशाच आम्लात ०.२ ग्रॅम अलिझरिन रेड एस, आणि वेगळ्या १०० मिलीत २ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. पहिले तीन भाग आणि दुसरे दोन भाग मिसळून त्यात छेद ३०–४५ सेकंद ठेवा, मग नुसत्या अलिझरिनमध्ये १०–१५ सेकंद. कॅल्साइट गुलाबी-लाल होते, लोह असलेले कॅल्साइट जांभळे ते निळे, डोलोमाइट बिनरंगी राहते, लोहयुक्त डोलोमाइट मोरपंखी. मिश्रण त्या दिवशीच वापरा, शिळे चालत नाही. बोट लागले की रंग निघतो, म्हणून धुताना फक्त पाण्यात बुडवून काढा. अलिझरिनने ॲरॅगोनाइटही गुलाबीच होते, तेव्हा ते वेगळे काढायला फीगलचे द्रावण लागते. त्यात चांदी आणि मँगेनीजचे सल्फेट असते. ॲरॅगोनाइट काळे पडते, कॅल्साइट तसेच राहते.

दाण्यांच्या मधल्या जागेत काय आहे, त्यावरून खडकाचे नाव ठरते. चुनखडकांच्या डनहॅम यांनी १९६२ मध्ये केलेल्या वर्गीकरणात दाणे एकमेकांना टेकलेले आणि मध्ये चिखल नाही तो ग्रेनस्टोन. टेकलेले पण मध्ये चिखल तो पॅकस्टोन. चिखलात विखुरलेले तो वॅकस्टोन. स्वच्छ ग्रेनस्टोन, त्यात तिरपे थर, म्हणजे दाणे बहुधा तयार झाले तिथेच लाटांनी दांड्यात रचले. चिखलात रुतलेले ऊइड मात्र प्रश्न निर्माण करतात. ज्या हलत्या पाण्यात ऊइड वाढतो तिथे चिखल टिकत नाही, म्हणजे एकतर वादळाने दाणे खोल, शांत जागी नेऊन टाकले, किंवा किड्यांनी दोन थर उकरून एकत्र केले. ऊइड दिसले की उथळ, खळाळता समुद्र असे लिहून मोकळे होणे ही अहवालांतली सर्वांत नेहमीची घाई आहे.

याचे आपल्या अगदी जवळचे उदाहरण सौराष्ट्रातला मिलिओलाइट. मुंबईत लष्करी शल्यचिकित्सक असलेल्या कार्टर यांनी १८४९ मध्ये त्याला हे नाव दिले. पोरबंदरचा फिकट पिवळा दगड तो हाच. फोर्टातल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींच्या कोरीवकामात तो भरपूर वापरलेला आहे. त्यात मिलिओलिड फोरामिनिफेरा, पेलॉइड, शिंपल्यांचा भुगा, बेसाल्टचे कण आणि ऊइड एकत्र असतात. बऱ्याच ऊइडवर एक-दोनच थर असतात, आणि छेद न घेता पाहिले तर ते पेलॉइडच वाटतात. दाणे समुद्राचे असले तरी हा खडक समुद्रापासून आत जुनागढकडे, टेकड्यांच्या उतारांवरही आढळतो. किनाऱ्यावरची वाळू वाऱ्याने उडवत नेऊन तिथे टाकली. त्यातले सिमेंटही पावसाच्या पाण्याने झालेले, दाणे टेकतात त्या सांध्यांवरच जास्त साचलेले. पोरबंदरी दगडाची कुठलीही इमारत आम्लाने धुऊ नका, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. आम्ल आधी नेमके ते सांधे खाते आणि दगडाची वाळू होऊन हातात येते.

महाराष्ट्राच्या जमिनीवर ऊइड शोधायला फारसा वाव नाही, जवळजवळ सगळे बेसाल्टखाली झाकलेले. पण मुंबईसमोरच्या समुद्राखाली, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) बाहेरच्या पट्ट्यात, फिफ्टी फॅदम फ्लॅट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात साधारण ६० ते १०० मीटर खोलीवर ॲरॅगोनाइटचे ऊइड पसरलेले आहेत. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या मंचावर साचलेल्या गाळाचा आणि वाळूचा बराच अभ्यास केला आहे. इतक्या खोलीवर ऊइड बनत नाहीत. ते बनले तेव्हा, सुमारे ८ ते १२ हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी बरीच खाली होती आणि आज बुडालेला तो भाग उथळ किनारा होता. पाणी चढले, दाणे तिथेच राहिले. समुद्रपातळीचा इतिहास लिहायला ते फार उपयोगी पडतात, मात्र एक पथ्य पाळून: दाण्याचे सरसकट वय काढले तर ते गाभ्याचे आणि सगळ्या थरांचे मिळून येते. दाणा वाढायचा थांबला कधी ते हवे असेल तर बाहेरचा थर वेगळा विरघळवून मोजावा लागतो, आणि पूर्ण दाण्याचे वय त्याहून शेकडो वर्षांनी जुने निघू शकते.

तुमच्या दगडाचा छेद करून घ्यायचा असेल तर मुठीएवढा तुकडा पुरतो. कच्छमधून पुन्हा आणणार असाल तर थराला हातोडी लावू नका, ओढ्यात सुटे पडलेले तुकडे उचला. ते कुठल्या थरातून निखळले ते मात्र वर जाऊन पाहून ठेवा. थरातलाच तुकडा हवा असेल तर आधी त्यावर वरच्या बाजूचा बाण काढा आणि मगच सोडवा. ठिकाण आणि थर पिशवीवर नव्हे, दगडावरच लिहा. प्रयोगशाळेला दोन काप मागा, एक थराला समांतर आणि एक काटकोनात, दोन्ही सेंटीमीटरभर जाडीचे. समांतर कापात दाणे नेहमीच छान गोल दिसतात. वरच्या दाबाने ते चपटले आहेत का, एकमेकांत रुतले आहेत का, त्यांचे बाहेरचे थर सोलले गेले आहेत का, हे फक्त काटकोनातल्या कापात दिसते. छेद करताना निळा रंग घातलेले इपॉक्सी वापरायला सांगा, म्हणजे दगडातल्या मूळच्या पोकळ्या निळ्या दिसतील आणि घासताना निखळलेल्या दाण्यांचे खळगे बिनरंगी राहतील.